शिकलगार सर हरून आले

कॉलेजात शोकसभा झाली तेव्हा मला दोन मिनिटं बोलायला दिली होती. प्राचार्य बोलले, विभागप्रमुख बोलले, फाउंड्रीवाल्यांच्या वतीनं एक कारखानदार बोलले. ओतीव लोखंडावरचं संशोधन, परदेशातल्या कॉन्फरन्स, साधी राहणी, विद्यार्थ्यांवरची माया. सगळं खरं. माझी पाळी आली तेव्हा मीही त्यातलंच काहीबाही बोलले आणि खाली बसले. बसल्यावर मात्र डोकं सणकलं. ज्या गोष्टीपायी हा माणूस आतल्या आत झिजत गेला तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि ज्यांनी काढायला पाहिजे होतं त्या तालमीतलं तर कुणी आलंच नव्हतं. एक हार नाही, एक माणूस नाही.

तर ते आता सांगते. दोन मिनिटांत मावणारं ते नव्हतंच.

प्राध्यापक दस्तगीर शिकलगार आमच्या धातुशास्त्र विभागात माझ्या समोरच्या टेबलावर बसायचे. उंच, सडसडीत, मनगटं तेवढी पैलवानाची. समोर धातूची वस्तू आली की बोटाच्या पेरानं ती वाजवून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. कँटीनचा पेला, जिन्याचा कठडा, शिपायाची घंटा, काही सोडायचे नाहीत. एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये नवी पितळी समई ठेवली होती. सरांनी टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "सर, हिच्यात पोकळी हाय. परत द्या." समई भेट देणारे संचालक तिथंच चहा पीत बसले होते. मी जोरात खोकले. तर माझ्याकडं वळून म्हणतात, "खोकू नका बाई, खरंच पोकळ हाय. ऐका की तुम्ही बी."

असा माणूस. विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला ते एकच गोष्ट सांगायचे. "दोष सांगितला तर ओतकाम सुधारतंय. झाकला तर कवातरी कुणाच्या तरी अंगावर फुटतंय." पोरं वहीत उतरवून घ्यायची. सर मात्र ती ओळ जगत होते, आणि जगणं म्हणजे काय दुखणं असतं ते मला पुढं कळलं.

सकाळी कॉलेजात येताना त्यांच्या नखांत तालमीची तांबडी माती असायची. तालीम आमच्या जुन्या पेठेतली. तिथं कुस्ती कमी, मर्दानी खेळ जास्त: लाठी, तलवार, विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, आणि सरांचा जीव की प्राण असलेला दांडपट्टा. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि पुढं लांबलचक लवचीक पातं. ते घुमायला लागलं की नुसता वारा ऐकू येतो. सरांचे वडील ते लहान असतानाच गेले. मग तालमीच्या आप्पा वस्तादांनी ह्या पोराला जवळ घेतलं, त्याच्या हातात पट्टा चढवला आणि शाळेची फी पण भरली. सर डॉक्टरेट होऊन आले तरी आप्पांच्या तोंडी "दस्त्या"च. "दस्त्या, खुर्ची आण." की हे आमचे एवढे मोठे प्राध्यापक खुर्ची आणायला पळायचे.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देणारं घराणं. सरांच्या आज्यापासून तालमीची सगळी हत्यारं खंडेनवमीच्या आधी त्यांच्या घरी यायची, पोत्यात गुंडाळून, हातगाडीवरून. सर कसबा बावड्याला नवीन घरात राहायला गेले तरी गाडी तिथपर्यंत यायची. सर रजा टाकून अंगणात बनियनवर बसायचे, दगड, तेल, चिंध्या घेऊन. एकेक पातं मांडीवर घ्यायचे. त्या दिवशी मी फोन केला तर शमीमभाभी हसून सांगायच्या, "बाई, आज सर घरात न्हाईत. आज नुसतं शिकलगार हाईत."

दसऱ्याला चौकात खेळ व्हायचा. लोकांना पाहिजे असायचं ते लिंबू. कुणाच्या तरी तळहातावर लिंबू ठेवायचं आणि घुमत्या पट्ट्यानं त्याचे दोन तुकडे करायचे, हाताला ओरखडा न येता. ह्यात सरांचा हात कुणी धरायचं नाही. मी डोळे मिटून घ्यायची. मग सोमवारी विभागात मला चिडवणार: "बाई, तुम्ही जैन, पर लिंबू कापायला तुमच्यात चालतंय की!"

परदेशातल्या तलवारीच्या शाळांचं वेड त्यांना लागलं ते एका कॉन्फरन्समध्येच. जर्मनीत कुठल्याशा विद्यापीठाच्या काचेच्या दारावर दोन तलवारबाजांचं जुनं चित्र चिकटवलेलं त्यांना दिसलं. खाली पत्ता. संध्याकाळचं जेवण सोडून हे तिकडं गेले. वाटलं, किल्ला असेल, भिंतीवर ढाली असतील. बघतात तर शाळेचा बास्केटबॉलचा हॉल, रबराचा आणि घामाचा वास, आणि कुणी बँकवाला, कुणी नर्स, कुणी सुतार असली मंडळी तोंडाला जाळी लावून बोथट तलवारीनं एकमेकांना झोडपताहेत.

तेव्हापासून त्यांचं ठरलं. आधी गावात अशी शाळा आहे का बघायचं, असली तरच तिथल्या कॉन्फरन्सला पेपर पाठवायचा. कॉन्फरन्स संपली की पदरची रजा टाकून दोन दिवस जास्त राहायचे. कुठल्यातरी स्वस्त धर्मशाळेसारख्या जागी उतरायचं, भाभींनी दिलेल्या भाकऱ्या आणि खर्डा खायचा, आणि संध्याकाळ झाली की तालीम. ते शाळा म्हणायचेच नाहीत. "बाई, पोलंडातली तालीम लई भारी. पर गार."

परत आले की तास तास सांगत बसायचे. सुरुवातीला त्यांना त्या लोकांची कीव यायची. तिकडं ही विद्या मध्येच कधीतरी मेली. शिकवणारे गेले, उरली ती जुन्या पोथ्यांतली चित्रं. ही माणसं त्या चित्रांवरून डाव जुळवतात. "आईबाप नसलेली लेकरं वो ती," सर म्हणायचे, "पुस्तकाला वस्ताद म्हणत्यात." मग हळूहळू त्यांचा सूर बदलला. एके दिवशी चहा गार होईस्तोवर खिडकीबाहेर बघत बसले आणि म्हणाले, "बाई, त्यांच्यात वस्ताद न्हाय. आमच्यात समोरचा न्हाय."

"म्हणजे?"

"आमी वाऱ्यावर पट्टा मारतो. लिंबावर मारतो. लिंबू परत मारतंय व्हय?"

त्यांची एकच इच्छा होती, आणि ती त्यांनी मला एकटीला किती वेळा सांगितली असेल. आपल्या तालमीत पट्टा खऱ्या माणसासमोर खेळला जावा, तोंडाला जाळी लावून, अंगात जाड जाकीट घालून. कारण आपल्या जुन्या लोकांना समोरच्याचं उत्तर ठाऊक असणारच, त्यांनी काय लिंबं मारून लढाया केल्या नाहीत. ते उत्तर आप्पांच्या हातात कुठंतरी अजून असणार. आप्पांची ऐंशी उलटली होती. आप्पा आहेत तोवर ते बाहेर काढायचं, आप्पांच्याच हाताखाली उभं राहून. आप्पा गेले की आपणही पोरकेच.

पुढची इटलीची कॉन्फरन्स आली तेव्हा मीही बरोबर होते. सरांनी आमच्या कार्यशाळेत एक बोथट पट्टा बनवून घेतला होता, पातं ॲल्युमिनियमचं, टोकाला रबर. तो बॅगेत. मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं बॅग उघडायला लावली. मी हळूच म्हटलं, "शेतीचं काहीतरी म्हणा." पण हे कसले म्हणतात! "दांडपट्टा हाय साहेब. कोल्हापूरचा." तो अधिकारी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिला. मग एकदम मराठीत म्हणाला, "मी नेसरीचा." सर म्हणाले, "मग झालं की! सात वीरांच्या नेसरीचा माणूस पट्ट्याला अडवतोय व्हय?" त्यानं पट्टा दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, आणि स्वतःच्या हातानं परत गुंडाळून बॅगेत ठेवला. पुढच्या रांगेतल्या लोकांना काय झालं ते कळलंच नाही.

इटलीतली तालीम म्हणजे पुन्हा शाळेचा हॉलच. मी कडेला बाकावर बसले. उन्हाळा होता, सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता, आणि सर येता येता मला म्हणाले होते, "बाई, हितं तुमची चैन हाय. नऊला जेवला तरी दिवस मावळायच्या आत जेवल्यासारखं." तिथल्या गुरूनं सरांचं मोठं स्वागत केलं. सरांनी जमिनीला हात लावून सलामी दिली आणि पट्टा फिरवून दाखवला. टाळ्या. मग गुरू म्हणाला, खेळणार का? सर म्हणाले, त्यासाठीच आलोय.

समोर एक मुलगी उभी राहिली. फार्मसी शिकणारी, माझ्या भाचीएवढी, किडकिडीत. सरांनी जाळी चढवली. पट्टा घुमायला लागला. ती नुसती मागंमागं सरत होती. मला वाटलं, पोरगी भ्यायली. आणि पट्टा एका बाजूला पार जाऊन परत यायच्या आत ती सरळ आत शिरली आणि तिच्या तलवारीचं टोक सरांच्या छातीवर टेकलं. पुन्हा खेळले. पुन्हा तेच. सरांनी पवित्रा बदलला, उडी घेऊन बघितलं, खाली बसून बघितलं. पोरगी दर वेळी आत. शेवटी सरांनी जाळी काढली. घामानं निथळत होते आणि हसत होते. मी त्यांना इतकं खुश कधी बघितलं नव्हतं. त्या मुलीला त्यांनी वाकून नमस्कार केला, तशी ती बिचारी गोंधळली.

बाहेर पायरीवर बसून ते बूट घालत होते. मी चिडलेच होते. म्हटलं, "अहो, एवढ्याशा पोरीनं मारलं आणि हसताय काय?"

"बाई, दोष सापडला!" ते म्हणाले. "पट्टा गेला की परत यीस्तोवर दार उघडं ऱ्हातंय. ते दार कसं लावायचं ते आप्पांना ठाव असणार. त्यास्नी कुणी कधी इचारलंच न्हाय." आणि बुटाची नाडी तशीच सोडून लहान पोरासारखे डोळे पुसायला लागले. ते आनंदाचं रडणं होतं, एवढं मी शपथेवर सांगते.

कोल्हापुरात आलो तर पेठेत हा मोठा फ्लेक्स. सरांचा फेट्यातला फोटो, मागं विमान, मागं सिंह. "सातासमुद्रापार मर्दानी खेळाचा डंका वाजवणारे आमचे मार्गदर्शक." तालमीनं सत्कार ठेवला होता. मांडव, हलगी, पेढे. स्टेजवर मधोमध आप्पा, पांढऱ्या मिशा, छातीवर अजून पैलवानकीची ऐट. सर एक पिशवी घेऊन आले होते. आप्पांनी स्वतःच्या हातानं फेटा उचलला. हलगी कडाडली. आणि सरांनी आप्पांचा हात धरला.

"आप्पा, आधी बोलू द्या."

माईक हातात घेऊन ते म्हणाले, "ह्या फ्लेक्सवर चुकीचं लिवलंय. डंका न्हाय वाजला. मी हरून आलोय. एका पोरीनं मला हरवलं, एकदा न्हवं, दर बारीला. पट्टा आपला झकास हाय, पर आपण समोरचा माणूस इसरलोय. म्हणून ह्या आणल्यात." आणि पिशवीतून दोन जाळ्या काढून नारळाशेजारी टेबलावर ठेवल्या.

मांडवात हलगीवाल्यानं हलगी काखेत घेतली तेवढाच आवाज झाला. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आप्पांनी एक जाळी उचलली, उलटीसुलटी केली, आणि ती सरांच्या छातीशी धरून म्हणाले, "ह्या मुसक्या हायत. बैलाला घालत्यात त्या. माझ्या तालमीत बैल न्हाईत." फेटा खुर्चीवर ठेवला आणि स्टेजवरून उतरून गेले. मागनं सगळी तालीम गेली. पेढ्यांचा बॉक्स तसाच राहिला.

त्या वर्षी खंडेनवमीला हत्यारांची गाडी बावड्याला आली नाही. सर रजा टाकून अंगणात बसले होते. दगड भिजवलेला, तेल काढलेलं. भाभींनी मला फोन केला. म्हणाल्या, "बाई, तुम्ही तरी सांगा. न्हाय येत म्हणावं आता गाडी. जेवत न्हाईत." मी गेले. तोवर आम्हाला कळलं होतं की हत्यारं कुठल्याशा दुकानात मशीनवर धार लावून आणलीत. सरांना ते सांगितलं तर एवढंच म्हणाले, "मशीननं पात्याचं पाणी जातंय." आणि चिंध्यांची घडी घालायला लागले.

ते आप्पांकडं गेले नाहीत असं नाही. कितीदा गेले. शेवटी आप्पांनी वाट काढून दिली, आणि खरं सांगते, वाट मायेनंच काढली होती. म्हणाले, "दस्त्या, परवासानं ताप आलता, अंगात कणकण हुती, म्हणून हरलो, एवढं पोरांच्या म्होरं बोल. फेटा मी बांधतो. दसऱ्याला पट्टा तुझाच."

सर विभागात येऊन हे मला सांगत होते तेव्हा मी ओरडलेच. "मग बोलून टाका की! काय जातंय? सोन्यासारखा माणूस वाट बघतोय तिकडं! पुढं जाळ्याबिळ्या सावकाश बघता येतील."

"बाई," ते म्हणाले, "ताप आलता म्हटलं की दोष तापात गेला. मग पट्ट्यातला कोण काढणार? परत ते दार उघडंच ऱ्हायचं."

"राहू दे उघडं! कोण येणार आहे आत? आता काय लढाया आहेत?"

ते टेबलावरचा स्टीलचा पेला पेरानं वाजवत राहिले. मला राग त्यांचा आला, आप्पांचाही आला. दोघंही एकाच पट्ट्यासाठी भांडत होते, आणि पट्टा कुणीच खेळत नव्हतं. पण आज वाटतं, सर तापाची सबब सांगून परतले असते तर मी त्यांच्यावर हे लिहायला बसलेच नसते.

एक नवमी गेली, दुसरी गेली. त्या जाळ्या घरात कपाटावर पडून होत्या. परदेशातून बोलावणी येत होती, सरांनी पेपर पाठवणं बंद केलं. म्हणायचे, "तिकडं जाऊन काय सांगू? वस्ताद हाय, पर बोलत न्हाय म्हणून?" मग पोटाचं दुखणं निघालं, आणि डॉक्टरांनी जे नाव घेतलं त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मनगटं गेली. शर्टाच्या बाहीतून काठी बाहेर आल्यासारखा हात दिसायचा.

दसऱ्याच्या दुपारी त्यांचा फोन आला. "बाई, गाडी काढता? खेळ बघायचा हाय. लांबनंच."

भाभी नको म्हणत होत्या. मी गाडी काढली. चौकाच्या अलीकडं लावली आणि त्यांना दंडाला धरून गर्दीतून पुढं नेलं. लोकांनी त्यांना ओळखलं नाही, इतके वाळले होते. कसेबसे पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिलो. पोरं लाठी खेळत होती. सर पुटपुटत होते, "पाय... पाय उचल की." मग हलगीचा ठेका बदलला आणि आप्पा खुर्चीवरून उठले. कुणीतरी त्यांच्या हातात पट्टा चढवला. त्या वयात! रिंगण मोठं करायला वस्ताद कडेकडेनं पट्टा फिरवत येतो आणि माणसं मागं सरतात. तसे आप्पा येत होते. माणसं हसत, ओरडत मागं होत होती. सर हलले नाहीत. मी त्यांची बाही ओढली, तरी हलले नाहीत. त्यांनी वाकून जमिनीला हात लावला, सलामी देतात तसा, आणि मान वर केली.

आप्पा समोर आले. पट्टा थांबला. दोघांच्यात हातभर अंतर. आप्पा सरांच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि ते बघणं संपेना. मला वाटलं, आता. आता "दस्त्या" म्हणतील.

"पावणं," आप्पा म्हणाले, "जरा मागं सरा. लागंल."

"व्हय जी," सर म्हणाले. आणि मागं सरले.

पट्टा पुढं गेला. आम्ही खेळ संपायच्या आत निघालो. गाडीत मी रागारागानं गिअर बदलत होते. सर शेजारी बसून रस्त्याकडं बघत होते. त्यानंतर मी त्यांना हॉस्पिटलात पाहिलं, पण त्या नळ्यांच्या जंजाळातलं ते पाहणं मी धरत नाही. माझ्या लेखी शेवटचे सर ते हेच.

साखर कारखान्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा ते म्हणाले, "बाई, आप्पांवर चिडू नका. त्यास्नी मोतीबिंदू हाय. माणूस वळखू येत न्हाय त्यास्नी."

मी गाडी हळू केली. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन सरांनीच करवून आणलं होतं, इटलीला जायच्या आधीच्या दिवाळीत. गाडी माझीच होती. पट्टी निघाली त्या दिवशी म्हातारा पुढच्या सीटवर बसून वाटेतल्या दुकानांच्या पाट्या मोठमोठ्यानं वाचत आला होता. आणि मागं वळून म्हणाला होता, "दस्त्या, तुझ्या मिशीतला पांढरा केस बी दिसतोय की रं!"

समई पोकळ आहे म्हणून संचालकांच्या तोंडावर सांगणारा माणूस. ताप आला होता एवढं म्हणायला तयार न झालेला माणूस. तो माझ्याकडं बघत होता, मी हो म्हणते का म्हणून.

"व्हय सर," मी म्हटलं. "न्हायच दिसत त्यांना आता."

"तेच की," ते म्हणाले. दारात भाभी उभ्या होत्या. त्यांनी गाडीचं दार उघडलं, सर त्यांचा खांदा धरून उतरले आणि आत गेले.